एक नंबरचा सिलेंडर नक्की कुठला?

टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची नेमकी वेळ, किती डिग्रीला लावू, हे विचारणारे पुष्कळ. पण ती डिग्री ज्या सिलेंडरवर मोजायची तो एक नंबरचा सिलेंडर कुठला, हे कुणी विचारत नाही. बोनेट उघडलं, जवळचा दिसला तो पहिला, असं धरून चालतात. मग कार्ब्युरेटरमधून फट्‌फट्‌ सुरू झालं की पॉईंट, कॉइल, पेट्रोल, सगळ्यांना दोष देऊन होतो. माझा हात डिस्ट्रिब्युटरवाल्या (कॉइलची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा तो) जुन्या गाड्यांवर बसलेला आहे, तेव्हा खालचं सगळं त्यांच्याबद्दल. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या नव्या गाडीत टायमिंग कॉम्प्युटर बघतो. तिथे तुम्ही-आम्ही फिरवावं असं काही नाही.

आधी इंजिनाचं तोंड कुठे ते ठरवा. गाडीचं तोंड नव्हे, इंजिनाचं. फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) आणि गिअरबॉक्स जिकडे, ती इंजिनाची पाठ. पुली आणि बेल्ट जिकडे, ते तोंड. इंजिन आडवं बसवलेलं असलं तरी हाच हिशेब. डावं-उजवं मात्र गाडीत बसून पुढे बघणाऱ्याचं धरायचं, रेडिएटरपाशी वाकून उभ्या असलेल्या माणसाचं नाही. निम्मे घोळ इथेच होतात.

एका रांगेतल्या इंजिनात बहुतेक कंपन्या पुलीकडून एक, दोन, तीन, चार मोजतात. पण रेनो, प्यूजो, सिट्रोएन यांच्या अनेक इंजिनांत मोजणी फ्लायव्हीलकडून सुरू होते. जुन्या साब ९९ आणि ९०० मध्ये तर इंजिनच उलटं बसवलेलं असतं, त्यामुळे एक नंबर पार मागे, केबिनच्या पत्र्याला लागून. म्हणून गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर आधी ते उघडा.

आता एक गंमत, जी कागदावर करून बघण्यासारखी आहे. चार सिलेंडरची नेहमीची फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. समजा तुम्ही उलट्या टोकाने मोजलंत, म्हणजे एकाला चार म्हटलं आणि दोनाला तीन. ऑर्डर होते ४-२-१-३. एकापासून वाचा: १-३-४-२. तीच! फोर्डच्या केंट इंजिनाची १-२-४-३ घ्या किंवा सहा सिलेंडरची १-५-३-६-२-४ घ्या, उलटी केली तरी तीच राहते. म्हणजे अशा चार-सहा सिलेंडरच्या रांगेतल्या इंजिनात उलटं मोजूनही गाडी व्यवस्थित चालू शकते, फक्त शेवटपर्यंत एकाच पद्धतीने मोजलेलं असायला हवं. गाडी अडते ती अर्धं मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणे आणि अर्धं स्वतःच्या अंदाजाने केलं की. माझ्याकडे ढकलत आलेल्या गाड्यांत हाच आजार सगळ्यात जास्त: रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरून वीज वाटणारा तुकडा) चित्राप्रमाणे लावलेला आणि वायरी दुसऱ्या टोकाने मोजून खोचलेल्या.

व्ही इंजिनात, म्हणजे सिलेंडर डावी-उजवी अशा दोन रांगांत असतात तिथे, ही सवलत नाही. शेवरोलेटच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये डाव्या बाजूला पुढून मागे १-३-५-७ आणि उजवीकडे २-४-६-८, ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. फोर्डच्या व्ही-८ मध्ये उजवीकडे १-२-३-४ आणि डावीकडे ५-६-७-८. एकाची मोजणी दुसऱ्याला लावलीत तर इंजिन नुसतं खोकत राहील. बऱ्याच अमेरिकन व्ही-८ वर इनटेक मॅनिफोल्डच्या ओतकामातच फायरिंग ऑर्डरचे आकडे उठवलेले असतात. चिंधीने तेल-मळ पुसा, आधी तिथेच बघा.

फोक्सवॅगन बीटलचा कारभार आणखी निराळा. इंजिन मागे, फ्लायव्हील गाडीच्या पुढच्या बाजूला. उजवीकडचा पुढचा एक, त्याच्या मागचा दोन, डावीकडचा पुढचा तीन, मागचा चार. ऑर्डर १-४-३-२. डिस्ट्रिब्युटरच्या काठावर एक बारीक खाच असते. रोटर तिच्यासमोर आला की एक नंबरची पाळी. बीटलच्या काही डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबरची ठिणगी मुद्दाम जराशी उशिरा ठेवलेली असते, म्हणून तिथे टायमिंग फक्त एकवरच बघायचं.

आता प्रत्यक्ष काम. किल्ली काढून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक वर. प्रत्येक प्लगवायरला टेप लावून नंबर लिहा आणि मगच वायरी उपटा. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीकडून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. होंडाची बी आणि डी सिरीज मात्र उलटी.

पिस्टन वर येताना हवा अंगठ्याला बाहेर ढकलते. तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. तिथून पुलीवरची खूण तिच्याजवळच्या पट्टीवरच्या शून्यावर येईपर्यंत फिरवा. पिस्टन नुसता वर आला, पण अंगठ्याखाली काही जाणवलं नाही, तर ती एक्झॉस्टची फेरी. अजून एक पूर्ण चक्कर द्या. क्रँक (पिस्टनना जोडलेला, पुली फिरवणारा दांडा) दोनदा फिरतो तेव्हा रोटर एकदा फिरतो, त्यामुळे पुलीची खूण शून्यावर दोनदा येते आणि त्यातली एकच आपल्या कामाची. खूण जुळली एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांचा रोटर हमखास समोरच्या टर्मिनलकडे तोंड करून बसतो.

भोकात अंगठा पोचत नसेल तर टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, काढा. चार सिलेंडरच्या रांगेतल्या इंजिनात चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असतील, म्हणजे एक बंद होताहोता दुसरा उघडत असेल, तेव्हा एक नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो. सहा सिलेंडरमध्ये एकची जोडी सहाशी.

पिस्टन टोकाला आला का हे बघायला कुणी स्क्रूड्रायव्हर घालतं. घालू नका, पिस्टनच्या डोक्यावर चरे पडतात. लांब प्लॅस्टिकची नळी बरी, तीही हातात सैल धरलेली. भोक तिरपं असेल तर तीसुद्धा नको; अडकून तुटली की हेड उतरवायची वेळ येते.

इंजिन आता एक नंबरच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला, आहे. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढण्यापूर्वी एक नंबरची वायर जिथे खोचायची त्या टर्मिनलच्या बरोबर खाली बॉडीवर खडूची रेघ मारा. काही कॅपवर एकचा आकडा उठवलेला असतो. कॅप काढा. रोटर रेघेकडे बघत असेल तर झालं. बरोबर विरुद्ध दिशेला असेल तर डिस्ट्रिब्युटर उपसायची गरज नाही: चार सिलेंडरच्या कॅपमध्ये सगळ्या वायरी दोन-दोन घरं पुढे सरकवा, काम होतं.

उरलेल्या वायरी फायरिंग ऑर्डरने लावायच्या, पण रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने. दिशा कशी ओळखायची? रोटर बोटांनी हलकेच पिळा. एका बाजूला तो किंचित वळतो आणि सोडला की स्प्रिंगने परत येतो. दुसऱ्या बाजूला कडक लागतो. वळतो ती त्याची फिरण्याची दिशा.

प्लग, वायरी, बॅटरी जागेवर लावा. पॉईंटची गाडी (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांनी ठिणगी पाडणारी) असेल तर आधी पॉईंटमधला गॅप, मग टायमिंग. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. पुलीवरची खूण पुसून पांढऱ्या रंगाने ठळक करा. पुलीवर खूण सापडलीच नाही तर ती फ्लायव्हीलवर असेल, गिअरबॉक्सच्या खिडकीतून दिसते. आणि रबर असलेल्या पुलीचं बाहेरचं कडं कधीकधी घसरतं, खूण त्याच्यासोबत जाते. म्हणून टीडीसीला असतानाच ती शून्यावर आहे ना, हे बघून घेतलेलं बरं.

इंजिन गरम होऊ द्या. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं की तशीच ठेवायची, आयडलिंग किती आणि डिग्री किती, हे तिन्ही मॅन्युअलप्रमाणे. टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर लुकलुकून खूण दाखवणारा दिवा) क्लिप एकच्या वायरवर, तिच्यावर बाण असेल तर तो प्लगकडे. बाही आणि लाइटची वायर फॅनपासून लांब. लाइटच्या उजेडात फिरता फॅन थांबल्यासारखा दिसतो, फसू नका. चार सिलेंडरमध्ये क्लिप चुकून चारवर लागली तरी खूण त्याच जागी दिसेल, कारण तिथली ठिणगी क्रँकच्या बरोबर एका फेऱ्याने पडते. दोन किंवा तीनवर लागली तर खूण नजरेलाच पडणार नाही.

डिस्ट्रिब्युटर धरून ठेवणारा क्लँप थोडा सैल करा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेने फिरवला की ठिणगी लवकर पडते, त्याच दिशेने फिरवला की उशिरा. केसभर फिरवायचं, बघायचं. खूण जुळली की क्लँप आवळा आणि आवळल्यावर लाइट पुन्हा मारा. बोल्ट घट्ट होताना बॉडी एखाद्-दुसरी डिग्री हमखास सरकवतो.