एस्प्रेसोचा ग्राइंडर घ्यायचाय? आधी पडवीतलं जातं बघा

आमच्या पडवीत आजीचं जातं अजून आहे. सध्या त्यावर पाहुणे गाडीच्या चाव्या ठेवतात. कोकणात आंजर्ल्यात आम्ही चार खोल्या पाहुण्यांना देतो, आणि सकाळी चहाच्या जोडीला एस्प्रेसोही मिळतो म्हटल्यावर पुण्या-मुंबईची मंडळी जरा चमकतात. दुसऱ्या दिवशी त्यांतला एखादा हमखास विचारतो, "काका, घरी एस्प्रेसोचं मशीन घेतोय, कॉफी दळायचा ग्राइंडर कुठला घेऊ?" मी त्याला स्वयंपाकघरात न्यायच्या आधी जात्यापाशी नेतो.

मी २६ वर्षं ठाण्याला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. त्या नजरेने बघितलं तर जातं आणि महागडा ग्राइंडर यांचं काम एकच. दोन दातेरी तोंडं समोरासमोर, मधे फट, आणि फिरताना ती फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. आजीने मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हा शब्द कधी ऐकला नव्हता. पण घावनाच्या पिठात कणी लागली की ती वैरण (जात्यात दाणे घालणं) थांबवायची, वरचा दगड आम्हा पोरांकडून उचलून घ्यायची आणि मधला खिळा हलवून बघायची. टाकी लावायला (दगडाचे बोथट दात पुन्हा खोदायला) माणूस आला की त्याच्या शेजारी बसून राहायची, कारण एक बाजू खोल गेली की जातं नासलं.

एस्प्रेसोला एवढा बारकावा का? १८ ग्रॅम कॉफी दाबून बसवायची, त्यावर ९ बारचा दाब, आणि २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी कपात. हा सुरुवातीचा हिशेब, पुढे जिभेप्रमाणे कमीजास्त. ९ बार म्हणजे समुद्रात ९० मीटर खोल पाणी जेवढं दाबेल तेवढं. एवढ्या जोराने आलेलं पाणी कॉफीत जिथे सैल जागा असेल तिथूनच पळतं. भातशेतीच्या बांधाला खेकड्याचं बीळ पडलं की अख्ख्या कुणग्याचं पाणी त्या एका भोकातून जातं, तसं. मग कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही. कॉफी नीट पसरली नाही तरी असं होतं, पण दळण असमान असेल तर तुम्ही कितीही नीट पसरा, उपयोग नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं: बजेट एकच असेल तर मशीन साधं घ्या, ग्राइंडर भारी घ्या. लोक उलटं करतात, कारण मशीन चकचकीत दिसतं.

मीही उलटंच केलं होतं. मुलीने बंगळुरूहून मशीन आणलं आणि मी एका ऑनलाइन दुकानातून त्याच्याबरोबर 'चालेल' म्हणून एक ग्राइंडर मागवला. त्याला ठरावीक खाचा होत्या. सातव्या खाचेवर कॉफी १६ सेकंदांत धो धो, आठव्यावर ५० सेकंदांत थेंब थेंब. मधे काहीच नाही. एस्प्रेसोला हवं असतं ते नेमकं त्या दोन खाचांच्या मधलं. तेव्हा पहिली अट लिहून ठेवा: फट कमीजास्त करायची तबकडी खाचांची नको, सलग फिरणारी हवी, किंवा खाचा असल्याच तर इतक्या बारीक की एका खाचेने दोन-तीन सेकंदांचाच फरक पडेल. दळण बोटांत धरून बघाल तर घावनाच्या पिठापेक्षा जरा खरखरीत, बारीक रव्यापेक्षा पुष्कळ मऊ.

आता मुख्य मुद्दा. दळणाऱ्या तोंडांना दुकानदार 'बर' म्हणतात. सपाट बर म्हणजे दोन चकत्या, शंकूचे बर म्हणजे एका कड्यात फिरणारा शंकू. जाहिरातीत त्यांचा व्यास मोठ्या अक्षरांत असतो: ५५, ६४, ८३, ९८ मिलिमीटर. व्यासाला महत्त्व आहे. मोठी चकती तेच दळण लवकर उरकते. पण समांतरपणा नसेल तर ८३ची वाकडी चकती ६४च्या सरळ चकतीपुढे काहीच नाही. आणि समांतरपणा जाहिरातीत छापलेला नसतो. तो घरी तपासावा लागतो.

तपासायला डायल गेज (बारीक फरक मोजायचं घड्याळ) लागत नाही. शाळेत फळ्यावर लिहायचा पांढऱ्या बोर्डाचा मार्कर पुरे. प्लग काढा. काढाच, मी टूलरूममध्ये बोटं गमावलेली माणसं बघितली आहेत. चकत्या ब्रशने साफ करा, बाहेरच्या सपाट कडेवर दोन्ही चकत्यांना शाई फासा, परत बसवा, आणि हाताने फिरवत फट कमी करत जा. एका क्षणी बारीक 'किर्र' ऐकू येईल. तिथे थांबा, एक फेरा हाताने द्या, उघडा. दोन्हींची शाई कडेने सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर नशीबवान आहात. एका चकतीची शाई एकाच बाजूला पुसली असेल तर वाकडी ती. दुसरी फिरता फिरता सगळीकडून घासली जाते, म्हणून तिच्यावर रेघ पूर्ण असते. इथे बरेच जण फसतात, पूर्ण पुसलेल्या चकतीला दोष देतात.

माझ्या दुसऱ्या ग्राइंडरची, ६४ मिलिमीटरच्या सपाट चकत्यांचा तो, वरची चकती अशी निघाली. चारपासून आठपर्यंतच्या घड्याळी कमानीत शाई गायब, बाकी जशीच्या तशी. मग बायकोच्या खणातून पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद घेतला. दहा-पंधरा मायक्रॉनचा असतो तो, केसापेक्षा कितीतरी पातळ. नखाएवढा तुकडा कापला आणि शाई जिथे शिल्लक होती तिथे चकतीच्या पाठीमागे ठेवून स्क्रू आवळले. तिन्ही स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. पहिल्यांदा जास्त झालं, उलटी बाजू घासली. पाचव्या खेपेला सगळीकडून रेघ पुसली. त्या संध्याकाळी तीच कॉफी, तेच मशीन, पण जिभेच्या कडेला येणारा तुरटपणा गेला. मेव्हणा म्हणाला, "फरक काय, मला कळत नाही." त्याला तंबाखूपुढे काहीच कळत नाही.

एवढं करायची तयारी नसेल तर शंकूवाला घ्या. शंकू बसवण्यातली छोटी चूक सपाट चकत्यांइतकी जिभेला टोचत नाही. निश झिरो नावाचा ब्रिटिश ग्राइंडर २०१७ साली इंडिगोगो या वेबसाइटवर लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन आला. त्यात ६३ मिलिमीटरचा मॅझर कंपनीचा शंकू आहे, सावकाश फिरतो, मिनिटाला ३३० फेरे. शंकूच्या दळणात बारीक पीठ जरा जास्त पडतं, म्हणून कॉफी दाट, चॉकलेटी, दुधात न हरवणारी लागते. सपाट चकत्यांत चवी सुट्या सुट्या कळतात. चिकमगळूरची हलकी भाजलेली अरेबिका दूध न घालता पिणारा असाल तर सपाट. गडद भाजलेली, रोबस्टा मिसळलेली, वर दूध अशी आवड असेल तर शंकू, आणि उरलेल्या पैशांत चांगली कॉफी आणा. आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठांना दूध लागतं, त्यांना शंकू बरा. माझ्या कपाला सपाट.

२०१३च्या जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांच्या) स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्गरने मालकोनिग कंपनीचा ईके ४३ वापरला तेव्हापासून ९८ मिलिमीटरच्या चकत्यांचं वेड पसरलं. तो ग्राइंडर मी एका कॅफेत चालवून बघितला आहे. उत्तम आहे. पण घरात तो ठेवायचा तर फ्रिज बाहेर काढावा लागेल. ६४चा मोठा फायदा असा की त्या मापाच्या सुट्या चकत्या अनेक जण बनवतात. मॅझरचा सुपर जॉली त्याच मापाचा. उद्या ग्राइंडरवाली कंपनी बंद पडली तरी चकती मिळते. तसं बघितलं तर चकत्या झिजायची फार काळजी नको. दिवसाला ४० ग्रॅम म्हणजे वर्षाला साडेचौदा किलो, आणि पोलादी चकत्या काही शे किलो दळतात. तुमच्या नातवाला टाकी लावावी लागेल.

नव्या चकत्या मात्र सुरुवातीला चंचल असतात. पहिले काही किलो दळण दर दोन दिवसांनी हलतं. ते लवकर उरकावं म्हणून तांदूळ दळू नका. आमच्या काकांनी 'जातंच तर आहे' म्हणत मूठभर उकडा तांदूळ टाकला होता. भाजलेली बी ठिसूळ असते, तांदूळ कठीण. मोटर कण्हली आणि पिठाची पुटं दातांत बसली ती मी दोन तास लाकडी टूथपिकने उकरत होतो. स्वस्तातली जुनी कॉफी आणा, ती दळा, कलमांच्या आळ्यात टाका.

लाइटचं बघा. कुणी नातेवाईक अमेरिकेहून ग्राइंडर आणतो म्हणाला तर नको म्हणा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. इंडक्शन मोटर त्यामुळे सहाव्या हिश्शाने सावकाश फिरते आणि तापते. तीच गोष्ट इन्व्हर्टरची. स्वस्त चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर अशी मोटर गुरगुरते आणि गरम होते. साइन वेव्ह असेल तरच चालवा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हता. नारळ-पोफळी आडव्या, रस्ते बंद, त्यात कॉफीचं कुणाला पडलंय म्हणाल. पण आठव्या दिवशी चुलीवर मोका पॉट (कॉफी उकळायचं भांडं) ठेवून हाताच्या ग्राइंडरवर दळलेली कॉफी शेजारच्या चार घरांनी प्यायली. तेव्हापासून भारी हातग्राइंडर हा मी दुय्यम पर्याय मानत नाही. ४७-४८ मिलिमीटरचा पोलादी शंकू, आणि फिरवताना एका 'टिक्'ला दहा मायक्रॉनच्या आसपास फट बदलणारा असेल (किनू एम ४७, वनझीप्रेसोचा जे-मॅक्स हे त्यातले) तर एस्प्रेसोला तो मोटरवाल्या मध्यम ग्राइंडरला मागे टाकतो. घरात एकच माणूस कॉफी पिणारा असेल तर तोच घ्या. फक्त हलकी भाजलेली बी १८ ग्रॅम दळताना मनगट आठवण करून देतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी अजून एक गोष्ट धरून चालावी: गंज. एका जुलैमध्ये आम्ही तीन आठवडे मुलीकडे गेलो, आल्यावर चकत्यांच्या कडेला नारिंगी पूड. खारी हवा आणि पावसाळी दमट, दोन्ही मिळून पोलाद खातात. चकत्या पाण्याने कधीच धुवायच्या नाहीत, कोरड्या ब्रशने झाडायच्या. गावाला जाताना मी त्या काढून हवाबंद डब्यात, जुन्या मोबाइलच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवतो. म्हणून ग्राइंडर उघडायला सोपा हवा. चार स्क्रू काढून दोन मिनिटांत चकती हातात आली पाहिजे, आणि बंद केल्यावर फट पहिल्या आकड्यावर परत आली पाहिजे. बाहेरून पावडर कोटिंग असलेला बघा. क्रोमचे पत्रे आमच्या हवेत दोन पावसाळे काढत नाहीत.

पावसाळ्यात दळणही बदलतं. माझ्या वहीत जूनअखेर फटीची रेघ दीड-दोन घरं जाड बाजूला सरकते आणि ऑक्टोबर हीटमध्ये परत येते. उलट, डिसेंबरात कोरडा वारा सुटला की भुकटी सगळीकडे चिकटते. तेव्हा बियांवर चमच्याच्या देठाने पाण्याचा एक थेंब फिरवायचा. २०२३ साली ओरेगॉन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ज्वालामुखीचे अभ्यासक सोबत घेऊन हे तपासलं: दळताना घर्षणाने वीज साठते आणि तो ओलावा ती कमी करतो. पावसात मात्र हा थेंब नको, हवाच पुरते.

वरती किलोभर बियांचं नरसाळं असलेला ग्राइंडर आमच्या हवेत घेऊ नये. बिया चार दिवसांत मऊ पडतात. दर कपाला मोजून बिया वैरायच्या, आत काही शिल्लक राहता नये, असा घ्या. तपासणी सोपी: १८ ग्रॅम टाका, बाहेर किती आलं ते ०.१ ग्रॅमच्या काट्यावर मोजा. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त रोज आत राहत असेल तर उद्याच्या कपात कालची शिळी कॉफी येणार.

पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: वरची चकती काढायला कुठला पाना लागतो, आणि सुटी चकती तुमच्याकडे पडून आहे का. मी शेवटचा ग्राइंडर घेतला तेव्हा पहिल्या दोन दुकानांत मला रंग कोणते आहेत ते सांगितलं. तिसऱ्याने विचारलं, "काका, ॲलन की चारचं आहे ना घरी?"