पाण्याची धास्ती वाटते? पोहायला शिकताना या चुका टाळा

मार्च संपत आला की पुण्यातल्या तलावांवर नव्या बॅचचे फॉर्म निघतात. पहिल्या दिवशी उथळ बाजूला उभं राहायला जागा नसते, आठवड्याभरात तिथे निम्मी माणसं उरतात. सोडून गेलेल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मला पाण्याची भीती वाटते हो."

मी ४३व्या वर्षी कोथरूडच्या एका महिला बॅचमध्ये पोहायला शिकले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात नव्या मैत्रिणींच्या सोबतीला पाण्यात उभी राहते. मला वाटतं, 'भीती' हा शब्द आपण फार घाईने वापरतो. त्याच्या पोटात शिरून पाहिलं तर नाकात गेलेलं पाणी, कानाला बसलेले दडे, कॉस्च्युमची लाज, लहानपणी खाल्लेली गटांगळी असं काहीतरी नेमकं सापडतं. नेमकं सापडलं की त्यावर उपाय करता येतो.

श्वास कोंडून धरणं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. चेहरा पाण्यात घालायचा म्हटलं की गाल फुगवून श्वास आत दाबून धरायचा, ही उपजत सवय. थोड्याच वेळात छाती घुसमटते आणि जीव घाबरा होतो. ही घुसमट प्राणवायू संपल्याची नसते. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मेंदू श्वासासाठी घाई करतो. त्यात डोकं वर काढल्यावर आधी कोंडलेली हवा बाहेर टाकायची आणि लगेच नवी घ्यायची, अशी दोन कामं एका क्षणात करावी लागतात. तिथेच पाणी घशात जातं आणि ठसका लागतो.

म्हणून श्वास पाण्याच्या आतच सोडायचा, तोही नाकाने. ज्यांना योगवर्गातली भ्रामरी येते त्यांना हे अर्ध्याहून अधिक येतं. ओठ मिटून 'म्म्म' असा गुंजारव करा, हवा आपोआप नाकातून जात राहते. बाहेर जाणारी हवा असेपर्यंत पाणी नाकात शिरत नाही. तलावावर जायच्या आधी चार दिवस घरी बादलीत किंवा घमेल्यात तोंड बुडवून हा सराव करा. आमच्या बॅचमधल्या एका काकूंनी पहिला आठवडा फक्त कडेची दांडी धरून बुडबुडे सोडले. बाकीच्या पाय मारायला लागल्या होत्या, पण काकूंनी घाई केली नाही, आणि श्वासाची लय सगळ्यांत आधी त्यांना सापडली.

उलट बाजूची चूकही सांगते. भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्त वेळ राहायची पैज लावू नका. त्यात श्वासाची हाक उशिरा येते आणि त्याआधीच पाण्याखाली शुद्ध जाऊ शकते.

डोकं वर ठेवून तरंगायचा प्रयत्न

तोंड पाण्याबाहेर राहिलं की सुरक्षित वाटतं, पण डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात. फुप्फुसात हवा असल्याने छाती तरंगते, पाय तेवढे तरंगत नाहीत. नजर तळाच्या फरशीकडे ठेवा, मान सैल सोडा. पाय वर येतात.

आता जे फार कमी ठिकाणी आधी शिकवतात ते. तरंगताना घाबरणाऱ्या कितीतरी जणींची खरी अडचण तरंगण्याची नसते, पुन्हा उभं कसं राहायचं हे माहीत नसतं. कमरेइतक्या पाण्यातही माणूस आडवा असताना पाय टेकायला धडपडतो. पालथे असाल तर गुडघे छातीशी घ्या, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबा, पाय फरशीला लागले की शेवटी डोकं उचला. हे दहा वेळा करून पाहा. उठता येतं हे अंगाला कळलं की तरंगायची धास्ती निम्मी होते.

"माझे गुडघे दुखतात, मला काय जमणार" म्हणणाऱ्यांना मी मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालच्या भागाला अपंगत्व आलं. उपचार म्हणून त्यांनी पोहणं धरलं आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पाणी शरीराचा बराच भार उचलतं, दुखऱ्या गुडघ्यांना तिथे उलट आराम मिळतो.

डोळे आणि कान

गॉगल घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून पाहा. क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याला बसतो. नसेल बसत तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच. चष्मा असेल तर नंबरचे गॉगल मिळतात. चष्म्याशिवाय खोल बाजू कुठे सुरू होते हेच दिसत नसेल तर धास्ती वाटणारच, तो खर्च करा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून मात्र उतरू नका. लेन्सखाली पाण्यातले जंतू अडकून बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते.

डोळे झोंबवणारा तो उग्र वास नुसत्या क्लोरिनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन तो तयार होतो. साबणाने अंघोळ करूनच पाण्यात उतरा आणि उतरण्याआधी अंगाला, केसांना तेल चोपडू नका.

कानाला दडे बसले तर डोकं त्या बाजूला कलवून पाळी हलकेच ओढा, पाणी निघतं. कापसाची काडी घालू नका. एका कानात गार पाणी शिरलं तर काही जणांना क्षणभर गरगरतं, त्यांनी कानात प्लग घालावेत. पडद्याला छिद्र असेल किंवा पाळीला हात लावला तरी ठणकत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

लाज वाटते म्हणून सुती कपड्यांत उतरणं

ही अडचण कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि माझ्या पाहण्यात बॅच सोडायचं मोठं कारण हेच असतं. पोट सुटलंय, मांड्या दिसतात, कुणी ओळखीचं भेटलं तर? मग लेगिंग आणि टीशर्ट घालून यायचं. सुती कापड पाणी धरून जड होतं, हात उचलवत नाहीत आणि तलावावरही ते चालत नाही. लक्ष्मी रोडवर किंवा कुठल्याही खेळाच्या दुकानात पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे कॉस्च्युम मिळतात. टॉवेल खोलीत न ठेवता तलावाच्या काठावर ठेवा. शेवटच्या क्षणी बाजूला करायचा, बाहेर येताच गुंडाळायचा. मी पहिला महिनाभर हेच केलं.

मासिक पाळीच्या दिवसांत पॅड पाणी शोषून घेतं, त्याचा उपयोग नाही. कप किंवा टॅम्पॉन वापरा, नाहीतर चार दिवस सुट्टी घ्या आणि तसं कोचना सरळ सांगा.

"ढकललं की येतं" यावर विश्वास

मी नऊ वर्षांची असताना एका शिबिरात शिकवणाऱ्यांनी मला न सांगता खोल बाजूला ढकललं. त्यानंतर चौतीस वर्षं मी पाण्यात गेले नाही. पूर्वी विहिरीतच शिकायचे, असं लोक सांगतात. माझी आजीही विहिरीतच शिकली, पण कमरेला सुका भोपळा बांधून आणि खाली मामा पाण्यात उभा असताना.

असा अनुभव असेल तर पहिल्याच दिवशी कोचना सांगा: "सर, मला सांगितल्याशिवाय हात सोडू नका." चांगला कोच हे ऐकतो. नाहीच ऐकलं तर बॅच बदला. पैसे गेले तरी चालतील. आणि मूल रडत असताना काठावरून "ढकला हो त्याला" असं आईवडिलांनी कृपया म्हणू नये.

अजून एक. तलावाची एक लांबी जमली की पावसाळी सहलीत खडकवासल्याला उतरायचा मोह होतो. तिथे तळ दिसत नाही, पायाखाली गाळ असतो, दोन पावलांत खोली बदलते आणि धरायला दांडी नसते. आमच्या बॅचच्या शेवटच्या दिवशी सर हे प्रत्येकीला वेगळं बोलावून सांगतात.