आरसी गाडीचा चार्जर निवडताना आधी वॅट बघा

आरसी गाडीसाठी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी, कुठला चार्जर घ्यावा असं कुणालाही विचारलं, की हमखास एकच उत्तर येतं: ‘सहा अँपिअरचा घे, सगळं चालतं.’ हे उत्तर अर्धवट आहे, आणि त्याच्यावर विसंबून लोक दोनदा पैसे घालवतात. मीही घालवले. नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना चार्जर निवडून दिले, त्यांच्या अडचणी सोडवल्या. बहुतेक वेळा चार्जर ठीकच असायचा. त्याला मागून मिळणारी वीज कमी पडत असायची. म्हणून या लेखात तो भाग सविस्तर सांगतो आणि बाकीचं भराभर उरकतो.

१. बॅटरीवरचं लेबल वाचा

प्रकार, सेलची संख्या आणि क्षमता, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. उदाहरणार्थ: लायपो (लिथियम पॉलिमर), टू-एस, ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता). टू-एस म्हणजे दोन सेल एकापुढे एक जोडलेले, थ्री-एस म्हणजे तीन.

लेबलवर मोठ्या अक्षरात ‘५०सी’ लिहिलेलं असतं. तो आकडा बॅटरी किती जोरात रिकामी करता येते याचा आहे. चार्जिंगशी त्याचा काहीही संबंध नाही. चार्जिंगची मर्यादा बहुतेक वेळा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. ती दिलेली नसेल तर १सी धरा, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, १५०० एमएएचला दीड अँपिअर. ‘पाच सीने चार्ज कर, काही होत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. पटकन चार्ज करायच्या नादात पॅकचं, म्हणजे एकत्र बांधलेल्या सेलच्या बॅटरीचं, आयुष्य जातं, आणि नवा पॅक आपल्यालाच विकत घ्यावा लागतो.

२. प्रकार जुळतो का ते बघा

निकेल मेटल हायड्राइड आणि लायपो या दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरल्याचं चार्जरला अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने कळतं. निकेलचा पॅक भरत आला की त्याचा व्होल्टेज शिखर गाठून किंचित खाली येतो. प्रत्येक सेलमागे पाचेक मिलिव्होल्टची ती घसरण पकडून चार्जर थांबतो. लायपोत असं शिखर नसतं. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचला की तिथेच धरून ठेवायचा आणि करंट हळूहळू कमी करत न्यायचा, अशी तिची पद्धत.

म्हणून निकेलचा चार्जर लायपोला लावला, तर तो कधीच न येणाऱ्या घसरणीची वाट बघत बसतो आणि सेलमध्ये वीज कोंबत राहतो. पॅक फुगतो, पुढे पेट घेतो. टू-एस लायपोवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं, निकेलच्या पॅकवर ७.२. ‘सात पॉइंट चार आणि सात पॉइंट दोन, फरक किती असा?’ हा प्रश्न मला दुकानदाराच्या तोंडूनही ऐकायला मिळाला आहे. अशा दुकानातून बॅटरीही घेऊ नका आणि चार्जरही नको.

टामियाच्या टीटी-०२ सारख्या गाडीत ७.२ व्होल्टचा निकेल पॅक चालवत असाल आणि लायपोकडे वळायचा विचार असेल, तर दोन्ही प्रकार हाताळणारा चार्जर आताच घ्या.

३. वॅटचा हिशेब: माझी गाडी इथेच अडली होती

मी पहिला खरा चार्जर घेतला तो ८० वॅटचा, कमाल ६ अँपिअर. डब्यात अडॅप्टर नव्हता. माझ्याकडे थ्री-एस ५००० एमएएचचा पॅक होता. घरात जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडून होता, पिनही बरोबर बसली. स्क्रीन उजळला, मी ५ अँपिअर लावले आणि बटण दाबून धरलं. करंटचा आकडा चढत दोनच्या आसपास गेला, स्क्रीन काळा झाला, परत उजळला, आणि ‘इनपुट व्होल्टेज कमी’ असा इशारा देत चार्जर कोकलायला लागला. तीनदा तेच. मी चार्जर सदोष समजून परत पाठवला, बदलून आलेल्यानेही तेच केलं.

चूक चार्जरची नव्हती. अडॅप्टरच्या मागे लिहिलं होतं १२ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे २४ वॅट. मी त्याच्याकडून त्याच्या जवळजवळ तिप्पट मागत होतो.

हिशेब असा करा. बॅटरीचा पूर्ण भरलेला व्होल्टेज घ्या: टू-एसला ८.४, थ्री-एसला १२.६, फोर-एसला १६.८. त्याला चार्जिंगच्या करंटने गुणा. येतील ते वॅट.

५००० एमएएचचा टू-एस पॅक ५ अँपिअरवर: ४२ वॅट.
तोच थ्री-एस: ६३ वॅट.
तोच फोर-एस: ८४ वॅट.

लेबलवरचे ७.४ किंवा ११.१ व्होल्ट या हिशेबात घेऊ नका. ते सरासरीचे आकडे आहेत. करंट पूर्ण जोरात असतो आणि पॅक भरत आलेला असतो, तेव्हा वॅट सर्वात जास्त लागतात. हिशेब त्या क्षणाचा करायचा.

आता ‘सहा अँपिअरचा घे’ या सल्ल्याकडे परत या. डब्यावर ६ अँपिअर आणि ५० वॅट लिहिलेला चार्जर थ्री-एसला कधीच ६ अँपिअर देणार नाही. ५० भागिले १२.६, म्हणजे ४ अँपिअरच्या आत. फोर-एसला तर तीनच. यात धोका काही नाही, चार्जर आपणहून करंट कमी करतो. पण सव्वा तासात भरेल अशी अपेक्षा असलेला पॅक पावणेदोन तास घेतो, आणि ट्रॅकवर मित्र तिसरा पॅक संपवत असताना तुम्ही पहिल्याच पॅकची वाट बघत बसता.

उलट चूकही लोक करतात. गाडी १/१४ मापाची, पॅक टू-एस १५०० एमएएच, आणि कुणाचं तरी ऐकून ३०० वॅटचा चार्जर. तुमची गरज १३ वॅटची आहे. ३० वॅटचा साधा चार्जर घ्या, राहिलेल्या पैशांत आणखी एक पॅक येईल.

दोन बॅटऱ्या एकदम लावता येणाऱ्या चार्जरचे वॅट नीट वाचा. ‘१०० वॅट’ हा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असेल, तर दोन्हीकडे पॅक लावल्यावर प्रत्येकी ५०च मिळतील. तसंच काही चार्जर घरच्या सॉकेटवर एक आकडा देतात आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर दुसरा, मोठा. जाहिरातीत मोठा छापतात. तुम्ही घरच्या सॉकेटवर चार्ज करणार असाल तर एसीसमोरचा (एसी म्हणजे घरच्या सॉकेटची वीज) आकडा शोधा आणि तोच खरा माना.

४. मागचा पुरवठा

सॉकेटला थेट लागणारा चार्जर घेतला तर ही पायरी गाळता येते. पहिलाच चार्जर घेणाऱ्याने तोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. थोडे वॅट कमी मिळतील, पण डोक्याला त्रास नाही.

फक्त डीसीवर, म्हणजे अडॅप्टर किंवा बॅटरीतून मिळणाऱ्या विजेवर, चालणारा घेणार असाल, तर चार्जरला लागणारे वॅट ०.८५ ने भागा, कारण थोडी वीज उष्णतेत जाते. थ्री-एसचे ६३ वॅट हवे असतील तर मागून साधारण ७४ लागतील. १२ व्होल्टला ते सहा अँपिअरच्या वर जातं. मी अशा ठिकाणी १० अँपिअरचाच पुरवठा घेतो. काठावरचा पुरवठा दिवसभर तापत राहतो आणि एप्रिल-मे महिन्यात आधी तोच जातो.

राउटरचा अडॅप्टर फसल्यावर मी बाजारातून ‘१२ व्होल्ट ५ अँपिअर’ लिहिलेला बिननावाचा अडॅप्टर आणला होता. हातात घेतला तेव्हाच तो रिकाम्या डबीसारखा हलका लागला होता. तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या पॅकच्या मध्यावर खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास आला, आणि अडॅप्टरला हात लावला तर बोट टेकवता येईना. तेव्हापासून अडॅप्टर मी वजन बघूनच घेतो. नाव नसलेला आणि हलका असेल, तर त्याच्यावर छापलेल्या अँपिअरवर विश्वास ठेवू नका.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलईडी पट्ट्यांसाठीचे जाळीदार पत्र्याच्या पेटीतले १२ व्होल्टचे एसएमपीएस (सॉकेटच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करून देणारे पुरवठे) मिळतात. १५० वॅटचा, म्हणजे साडेबारा अँपिअरचा घेतला तर थ्री-एस निर्धास्त चालतो. पण त्याच्या वायरी जोडायच्या पट्टीवर उघडे स्क्रू असतात आणि त्यातल्या दोन स्क्रूंवर २३० व्होल्ट खेळत असतात. शेजारीच १२ व्होल्टचे स्क्रू. घरात लहान मूल असेल तर हा प्रकार झाकणाशिवाय वापरूच नका. अर्थिंगची वायर जोडा. तीन पिनांचा प्लग लावा. वायरिंगची सवय नसेल तर थोडे पैसे जास्त द्या आणि इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या.

मैदानावर १२ व्होल्टची गाडीची बॅटरी चालते. मात्र ज्या गाडीने घरी परतायचंय तिचीच बॅटरी चार चार्जिंगमध्ये उतरवू नका.

५. बॅलन्स आणि स्टोरेज

लायपोसाठी बॅलन्सचं, म्हणजे सगळे सेल सारखे भरण्यासाठीचं, पोर्ट नसलेला चार्जर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. टू-एस पॅकला मुख्य वायरींशिवाय तीन बारीक वायरींचा पांढरा प्लग असतो, थ्री-एसला चार वायरींचा. त्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो. तो लावला नाही तर चार्जरला फक्त बेरीज दिसते. एक सेल ४.३ आणि दुसरा ४.१, बेरीज ८.४, चार्जर म्हणणार सगळं ठीक. पण पहिला सेल मर्यादेबाहेर गेलेला असतो.

स्टोरेजची, म्हणजे पॅक ठेवून देण्याआधी अर्धवट भरलेल्या पातळीवर आणायची, सोयही हवी. भरलेला लायपो पॅक कपाटात महिनाभर पडला तर खराब होतो. पावसाळ्यात आपल्याकडे गाड्या चार महिने बसून असतात, तेव्हा पॅक सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवायचे. छोट्या चार्जरची डिस्चार्जची (पॅक उतरवायची) ताकद मात्र ५ वॅटची असते. भरलेला टू-एस ५००० एमएएच पॅक तेवढ्याने अर्धा उतरवायला चार तास लागतात. त्यापेक्षा गाडी दहा मिनिटं फिरवा आणि उरलेलं काम चार्जरवर सोडा.

६. कनेक्टर

पॅकला टी-प्लग आहे, एक्सटी-६० आहे की जुना पांढरा टामिया, ते बघून त्याचीच लीड (चार्जरपासून पॅकपर्यंतची वायर) घ्या. एकावर एक दोन-तीन जोड लावू नका, प्रत्येक जोड तापतो.

चार्जरच्या बाजूला बनाना प्लग असतील तर क्रम पाळा: आधी बनाना प्लग चार्जरमध्ये, मग दुसरं टोक बॅटरीला. उलट केलंत तर हातात दोन उघड्या पितळी पिना राहतात आणि त्यांच्यामागे भरलेली बॅटरी असते. त्या एकमेकींना टेकल्या की ठिणगी उडते, पिना वितळून चिकटतात. काढतानाही आधी बॅटरी, मग चार्जर.

७. पहिलं चार्जिंग मल्टिमीटर घेऊन

नावाजलेल्या चार्जरच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत. आयमॅक्स बी-६ हे त्यातलं सर्वात ठळक उदाहरण. बाहेरून फरक कळत नाही, मोजल्यावर कळतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे.

पॅक फरशीवर किंवा वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवा. गादी, सोफा, लाकडी टेबल नको. पहिल्या वेळी १सीऐवजी निम्म्या करंटवर लावा. स्क्रीनवरचा प्रकार आणि सेलची संख्या मोठ्याने वाचा, मगच बटण दाबा. खोली सोडून जाऊ नका.

चार्जिंग संपल्याचा आवाज आला की पॅक चार्जरवरून काढा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि पांढऱ्या प्लगमधल्या शेजारशेजारच्या दोन पिनांना टोकं लावा. एका वेळी दोनच पिना, टोकं घसरू देऊ नका. प्रत्येक सेलला ४.१८ ते ४.२१ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जर ठेवा. सेलसेलमध्ये ०.०३ पेक्षा जास्त फरक दिसला तर पुन्हा एकदा बॅलन्स चार्ज करून मोजा. पॅक जुना असेल तर दोष पॅकचा असू शकतो, म्हणून दुसऱ्या पॅकवरही बघा.

आकडा ४.२३ किंवा त्याच्या वर दिसला, तर आधी मल्टिमीटरची बॅटरी बदलून परत मोजा, कारण ती उतरलेली असली की मीटर आकडे फुगवून दाखवतो. तरीही तोच आकडा आला, तर पॅक लगेच गाडीत लावून थोडा उतरवा आणि चार्जर त्याच दिवशी परत पाठवा. दुकानदार ‘एवढं चालतं’ म्हणाला तरी पाठवा.