आपल्या गावात माणसं किती आणि कुठलं काम कुणाकडे

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मास्तर. 2011 च्या जनगणनेची कामगिरी केली, तेव्हापासून अर्जाला जोडायला गावाचा आकडा हवा असला की लोक माझ्याकडे येतात. मी आधी उलट विचारतो, "गाव म्हणजे काय? महसुली गाव, पंचायत, की गावातला नुसता वाडा, म्हणजे वस्ती?" कारण जनगणनेचा हिशोब महसुली गावाचा. एका पंचायतीत अशी चार-पाच गावं असू शकतात, आणि वाड्याचा वेगळा आकडा छापून येत नाही. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) घरात असेल तर काढा. त्यावरचं गावाचं नाव हेच शोधायचं नाव.

मग जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरून जिल्हा जनगणना पुस्तिका उतरवून घ्या. अ भागात शाळा, दवाखाना, पाणी असल्या सोयी. माणसं ब भागात. नावं रोमन लिपीत आणि पोर्तुगीज वळणाची, म्हणून केरी 'के'खाली सापडली नाही तर 'क्यू'खाली बघा. त्यात केऱ्या तीन: सत्तरीची, पेडण्याची आणि फोंड्याची. तालुका पाहिल्याशिवाय आकडा उचलू नका. तालुक्यांतही गोम आहे. फोंडा 2011 मध्ये उत्तर गोव्यात होता, 2015 मध्ये दक्षिणेत गेला. धारबांदोडा तालुका तर 2011 च्या मोजणीवेळी झालाच नव्हता. मोले, कुळे ही गावं सांग्याखाली शोधावी लागतात. फोंडा काढून टाकलेली उत्तर गोव्याची बेरीज जुन्या 8,18,008 शी ताडून "लोकसंख्या घटली" म्हणणारे मी पाहिलेत. घटली कसली, 1,65,830 माणसं कागदावर पलीकडे गेली!

आपलं गाव यादीत नाहीच असं दिसलं तर शहरांची यादी उघडा. कळंगुट तिथे मिळेल. वस्ती 5,000 च्या वर, दर चौरस किलोमीटरला निदान 400 माणसं आणि कमावत्या पुरुषांतले 75 टक्के शेतीबाहेर, एवढं जमलं की जनगणना गावाला शहर म्हणते. घरपट्टी मात्र पंचायतच घेते. गोवा 62 टक्के शहरी असं जे सांगतात त्यात असली गावं भरपूर आहेत. नगरपालिका 13 आणि पणजीची महानगरपालिका, एवढंच खरं शहरी प्रशासन. सत्तरीत 63,817 माणसं आणि नगरपालिका एकटी वाळपईची.

मतदारयादी मोजून लोकसंख्या काढू नका. म्हापशाला बिऱ्हाड केलेल्यांची नावं गावच्या यादीत तशीच असतात, आणि पोरं तर यादीत येतच नाहीत. आम्ही मोजायचो ते चुलीवरून. एका घरात दोन भाऊ, दोन चुली, तर कुटुंबं दोन. घर क्रमांक एकच असला तरी. एका घरात थोरली वहिनी म्हणाली, "आमी सगळी एकच." धाकटीनं मागच्या पडवीतली आपली चूल बोटानं दाखवली. मी दोन फॉर्म भरले. म्हणून पंचायतीतली घरांची संख्या आणि जनगणनेतली कुटुंबांची संख्या जुळत नाही म्हणून भांडायला जाऊ नका.

आता कामं. घर क्रमांक, घरपट्टी, बांधकामाचा परवाना हे पंचायत सचिवाकडे. जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढवणं, उत्पन्नाचा आणि निवासाचा दाखला मामलेदाराकडे. सत्तरीकरांनी वाळपईला जायचं. पंचायत दाद देत नसेल तर गटविकास अधिकारी. लग्नाची नोंद नागरी निबंधकाकडे. तिच्यासाठी सरपंचाचा दरवाजा ठोठावू नये. महाराष्ट्रातल्या दोडामार्गाचे पाहुणे हमखास सांगतात, "पंचायत समितीत जा." ती इथे नाही. 20 लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याला मधली पायरी वगळायची मुभा घटनेनं दिली आहे. गोव्यात ग्रामपंचायत आणि तिच्यावर थेट जिल्हा पंचायत. अर्थात जिल्हा पंचायतीकडे एकट्यादुकट्याचं काम सहसा पडत नाही.

अर्जात आकडा लिहिताना पुढे "2011 ची जनगणना" आणि तालुक्याचं नाव घाला. बसमार्गासारखी मागणी एखाद्या वाड्यापुरती असेल तर महसुली गावाचा आकडा चिकटवून भागत नाही. कारकून लगेच बोट ठेवतो. वाड्यातल्या घरांची यादी स्वतः करा, प्रत्येक घरातली माणसं लिहा, खाली पंचाची, म्हणजे पंचायत सदस्याची, सही घ्या आणि गावाचा छापील आकडा वेगळा जोडा.