जुनी नाव आणि जुनं इंजिन घेताय? या चुका टाळा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस पाहा. दात बघतो, खूर उचलतो, चालवून बघतो, पळवून बघतो, मग भावाचं बोलतो. तोच माणूस हतनूर धरणाच्या काठावर जुनी फायबरची नाव बघायला जातो तेव्हा रंग बघतो, दोरी ओढतो आणि मागे अडकवलेलं इंजिन धडधडलं की खिशात हात घालतो.

मीही तसाच घातला होता. सकाळी दहाला पोचलो, पहिल्याच ओढीत इंजिन सुरू. विकणारा म्हणे, "एक नंबर शे भाऊ!" कौतुकानं मी वरच्या झाकणावर हात ठेवला तर ते कोमट लागलं. उन्हानं तापलं असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या काठावर दोरी ओढून ओढून खांदा उतरला, तेव्हा उजेड पडला: मी यायच्या आधी गड्यानं ते अर्धा तास चालवून ठेवलं होतं. जुन्या टू-स्ट्रोकचं दुखणं थंड असतानाच दिसतं. म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." गेल्यावर झाकण काढून सिलिंडरच्या डोक्याला हात लावा. गरम असेल तर चहा प्या, दोन तास थांबा.

दुसरी चूक म्हणजे इंजिन कोरडं चालवून बघणं. पाणी ओढणारा रबरी इंपेलर कोरडा फिरला की मिनिटभरातही जळू शकतो. केळीच्या फवारणीला वापरतात तो 200 लिटरचा ड्रम धुऊन भरा आणि इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात राहणारा खालचा भाग, त्यात बुडवा. सुरू झाल्यावर मागून पाण्याची पिचकारी उडायला हवी. नाही उडाली तर लगेच बंद करा, पण लगेच नाकारूही नका. त्या भोकात बारीक तार घालून बघा, कुंभारीण माशी तिथे हमखास मातीचं घर करते. तार घालूनही पाणी येत नसेल तर इंपेलर गेला समजा. तापीच्या गाळानं आणि वाळूनं तो तसाही लवकर झिजतो. तो बदलणं स्वस्त आहे. खरा प्रश्न असा की पाणी नसताना इंजिन किती दिवस तापलं?

त्याचं उत्तर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र, देतं. मोटारसायकलच्या मेकॅनिककडे ते असतं, त्यालाच सोबत न्या. दोन सिलिंडर असतील तर दोन्हीचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असला की एक सिलिंडर म्हातारा झाला. प्लगचं टोक तपकिरी असेल तर ठीक. त्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचे कण दिसले तर पिस्टन वितळू लागलाय, उठून घरी या.

गिअरचं तेल खालचा स्क्रू सैल करून थोडं बाहेर काढा. ताकासारखं पांढरट आलं तर पाणी अडवणारं सील गेलं, आत पाणी शिरलं. हुशार विकणारा तेल त्याच सकाळी बदलून ठेवतो. त्यामुळे आधी पाण्यात अर्धा तास चालवा, मग तेल बघा. नाव पुढे ढकलणारा पंखाही काढून बघा. मागे दांड्याला गळाची तंगूस गुंडाळलेली असते, तीच सील कापते. नाव सरदार सरोवराच्या फुगवट्यात, अक्कलकुवा-धडगावकडे चाललेली असेल तर आणखी जपून. तिथे पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल करून पंखा हातानं फिरवा आणि एखाद्या पात्याच्या टोकाशी काडी धरा. टोकं काडीपासून कमी-जास्त अंतरावरून गेली तर पातं तरी वाकलंय नाहीतर दांडा. पातं परवडतं, दांडा नाही.

आता नावेकडे. इंजिन अडकवतात ती मागची फळी हेच माझ्या मते सगळ्यात महागडं दुखणं, आणि तिकडेच कोणी बघत नाही. वरून फायबर गुळगुळीत असतं, पण आत बहुधा प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि लाकूड आतल्या आत सडतं. इंजिन वर उचलून ठेवा, त्याचा पाय धरून वरखाली हलवा आणि दुसऱ्याला फळीकडे बघत बसवा. फळी लवली किंवा बोल्टाभोवती केसासारख्या भेगा दिसल्या तर संशय घ्या. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडे ठोका. चांगली फळी टणटण वाजते, सडकी भदभद. फळी नवी बसवायचा खर्च कधीकधी नावेच्या किमतीलाच जाऊन भिडतो.

माप न घेता नावेला इंजिनाची जोडी लावणं ही आणखी एक चूक. पायाची लांबी साधारण 15 इंच किंवा 20 इंच असते. पंख्याच्या वर असलेली पायाची आडवी पट्टी नावेच्या तळाशी साधारण समपातळीत हवी. किनाऱ्यावरून आणलेली खोल तळाची नाव आणि लांब पाय चैत्रात प्रकाशा गावाच्या खालच्या उथळ तापीत घेऊन गेलात तर तळ घासत बसाल.

आपल्याकडे खानदेशात समुद्र नाही, पण इंजिनं सुरतेकडून, कोकणातून येतात. जोडांमध्ये पांढरी भुकटी, गंजून चिकटलेले बोल्ट, फुगलेला रंग, असं दिसलं की खारं पाणी पिऊन आलेलं इंजिन. आतल्या पाण्याच्या वाटा मिठानं बुजलेल्या असतात. 1 जून ते 31 जुलै कोकणात मासेमारी बंद, नावा ओढून ठेवलेल्या. तेव्हा भाव चांगला मिळतो, पण पाण्यात चालवून बघता येत नाही.

पेट्रोलचं थोडक्यात. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या इंजिनाचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. ते बदला. टाकीत महिनोन् महिने इंधन ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तेलाचं प्रमाण पुष्कळ इंजिनांत 50:1 असतं, म्हणजे लिटरला 20 मिली. काही जुन्यांना जास्त लागतं, मॉडेलप्रमाणे खात्री करा. आणि फवारणी पंपातलं उरलेलं तेल नको, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 ही नावेच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाची खूण लिहिलेली बघा.

घेतल्यावर दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर कार्बोरेटर खोलायच्या आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. मेकॅनिकला बोलावून हसं झालेले दोघेजण मला माहीत आहेत. (एक मी.) इंजिन ओरडतंय पण नाव पुढे सरकत नाही, तर पंख्याची पिन तुटली असेल किंवा पंख्याच्या आतलं रबर सुटून नुसतंच फिरत असेल.

कागद मागा. इंजिनाच्या नंबराची पट्टी खरवडलेली असेल तर भाव कितीही पडो, हात लावू नका. यांत्रिक नावेला अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 लागू होतो, त्यामुळे नोंदणीचं विचारा. धरणात मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा सहकारी संस्थेकडे असतो. नाव घेऊन मग परवानगी शोधण्यापेक्षा आधी संस्थेत जाऊन या.

भावाचं बोलताना इंपेलर, प्लग, पाइप, गिअरचं सील हे सगळं किमतीतून कापून घ्या. फळी सडकी आणि कॉम्प्रेशन चांगलं असं निघालं तर नावेचं सोडा, इंजिन तेवढं वेगळं देतोस का म्हणून विचारा.