पूरप्रवण गावातील आरोग्य सेविकेने पूरकाळाची तयारी कशी करावी

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील शिरोळ तालुक्याने २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापूर सोसला. अशा गावांत उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेने पुराचे काम मे महिन्यातच हाती घ्यावे, आणि त्याची सुरुवात यादीपासून करावी.

पावसाळ्यात प्रसूतीची तारीख असलेल्या गरोदर माता, इन्सुलिन घेणारे, क्षयरोगाचे उपचार किंवा डायलिसिस चालू असलेले आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांची नावे आशाताईंच्या मदतीने गल्लीवार लिहावीत. प्रत्येकासमोर सुरक्षित गावातील नातेवाइकाचा फोन क्रमांकही नोंदवावा. यादी कागदावरच हवी, कारण वीज गेली की मोबाइल बंद पडतो. तिची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एक ग्रामपंचायतीत द्यावी. किती कुटुंबे बाधित होतील हे तहसील कार्यालयाला कळते, पण कोणत्या घरातील आजींना चौघांनी उचलून आणावे लागेल हे सेविकेलाच ठाऊक असते, म्हणून मला ही यादी औषधपेटीहूनही मोलाची वाटते. पुराचा इशारा मिळताच, रस्ता पाण्याखाली जाण्यापूर्वीच, दिवस भरत आलेल्या मातांना रुग्णालयाजवळ हलवावे.

निवारा केंद्रात कोण आजारी आहे एवढे विचारून थांबू नये. रोजच्या गोळ्या कोणाच्या घरीच राहिल्या आहेत, हे पहिल्याच संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाजवळ बसून विचारावे. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकलेला माणूस स्वतःहून पुढे येत नाही. स्तनदा मातांसाठी आडोसा आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅड यांची मागणीही सेविकेनेच लावून धरावी.

पाण्याच्या बाबतीत कोणाच्या शब्दावर विसंबू नये. टँकर असो वा टाकी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यातील क्लोरीन रंगावरून ओळखण्याची चाचणी, करावी. नळीतील पाणी पिवळे झाले नाही, तर ते पिण्यास देऊ नये. रंग तक्त्याशी ताडून क्लोरीन ०.५ पीपीएमच्या (लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या) आसपास असल्याची खात्री करावी आणि वेळेसह नोंद ठेवावी. जुलाब, ताप आणि डोळे येणे यांची रोजची संख्या लिहावी आणि एकाच खोलीत जुलाबाचे दोन-तीन रुग्ण दिसले तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे, हे मातांना करून दाखवावे.

पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा (जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका असतो. त्यासाठी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. गरोदर माता आणि लहान मुले यांना ते सरसकट वाटू नये.

पाणी ओसरल्यावर लोक चिखल काढण्याच्या घाईत असतात, तेव्हा गृहभेटी थांबवू नयेत. पुरात भिजलेली औषधे आणि बंद फ्रीजमध्ये राहिलेले इन्सुलिन वापरू देऊ नये, त्याऐवजी नवे मिळवून द्यावे. अडगळीत हात घालण्याआधी काठीने चाचपण्यास सांगावे आणि सर्पदंश झाल्यास, दोरी न आवळता, १०८ ला फोन करून रुग्णाला थेट दवाखान्यात पाठवावे.