परसातल्या कोंबड्यांसाठी अळीपालन कसं सुरू करावं

मुंबईत गोराई-मनोरीकडे किंवा आरेच्या पाड्यांवर ज्यांच्या परसात गावठी कोंबड्या आहेत, त्यांना खाद्याच्या पोत्याचा भाव दर महिन्याला टोचतो. त्यातला थोडा भार काळ्या सैनिक माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय) अळ्या उचलू शकतात. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, आणि तिला लागतो तो बाजार उठल्यावर उरलेला भाजीपाला.

आधी जागा. पाऊस न लागणारी, हवेशीर पडवी पुरे. प्लास्टिकचे टब मांडणीवर ठेवा, मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या फडशा पाडतील. वर मच्छरदाणीचं कापड.

पाला-सालं बारीक चिरा, त्यात गव्हाचा कोंडा मिसळा. सगळी मेख ओलाव्यात आहे. मूठ आवळली की एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की कोंडा वाढवावाच लागतो. टबातून वास सुटला, तर माल जास्त ओला झाला असं समजा; शेजारी बोलायच्या आत कोंडा घाला. मासळी-मटणाचा कचरा टाळा.

माशीची पहिली अंडी अळ्या पाळणाऱ्याकडून विकत घ्या. साधारण चार दिवसांत ती फुटतात. टबातल्या मालाचा थर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड करू नका. अळ्यांच्या वळवळीने आत उष्णता साठते आणि त्या मरतात.

दोनेक आठवड्यांत अळ्या मोठ्या होतात. पांढरट आहेत तोवरच चाळून घ्या. उकळत्या पाण्यात काही मिनिटं घालून कडक उन्हात वाळवा. सुरुवातीला रोजच्या खाद्याचा दहावा भागच त्यांचा ठेवा, बाकीचं नेहमीचंच.

तबेलेवाल्यांना कळकळीने सांगते: या अळ्या म्हशींना घालू नका. शेणावर वाढलेल्या अळ्या कोंबड्यांनाही नकोत, रोगाचा धोका असतो.

पुढच्या पिढीसाठी थोड्या अळ्या राखून ठेवा. काळ्या पडल्या की त्या कोरड्या जागी कोषात जातात. निघालेल्या माश्या जाळीत सोडा. ही माशी काही खात नाही, त्यामुळे घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते. त्यासाठी वास येणाऱ्या मालावर नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे टांगा. मिलनाला मात्र ऊन लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून राहतं, तेव्हा अंडी विकतच आणलेली बरी.

टबात उरलेला भुगा मुरवून परसातल्या भाजीला घाला.